पोटाचे डॉलर

प्रतापसिंहांनी अमेरिकेला जायचं कबूल केलं ते एका अटीवर, आणि ती अट त्यांनी लेकीला सांगितलीच नव्हती. तिच्या घरी सहा महिने राहायचं, पण पोटाला जे लागेल त्याचे पैसे आपण मोजायचे. दर महिन्याच्या एक तारखेला पाकीट तिच्या हातात ठेवायचं आणि मगच पानावर बसायचं. बायकोला, सईबाईंना, त्यांनी हे सांगितलं ते विमानाची तिकिटं स्वतःच्या पैशांनी काढून झाल्यावर, म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

यात राग नव्हता आणि हिशेबीपणाही नव्हता. त्यांच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घास घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. राज्य जाऊन दीडशे वर्षं होत आली, मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नाही, बोलण्यातली मराठीही निम्मी तमिळ झाली, पण रिवाज मात्र प्रतापसिंहांनी जिवापाड सांभाळले होते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात त्यांनी उभी हयात भांडाराचा हिशेब ठेवण्यात घालवली होती आणि घरातही भांडारपालाच्याच थाटात वागत. जे वाडवडिलांकडून आलं ते जसंच्या तसं पुढं द्यायचं, त्यात आपण कोण हात घालणार?

श्रीदेवीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

ती आणि तिचा नवरा कार्तिक चेन्नईतच अशोकनगरला राहत होते, तेव्हाची गोष्ट सईबाईंच्या मनातून जात नव्हती. प्रतापसिंह लेकीकडं जायचे, नाही असं नाही. पण हातात पितळेचा फिरकीचा तांब्या घेऊन. त्याला ते तमिळांसारखं कूजा म्हणत. श्रीदेवी सगळ्यांना कॉफी द्यायची आणि हे आपल्या कूजातलं पाणी झाकणात ओतून घ्यायचे, वर हसून म्हणायचे, "मज हेच बरं." सईबाई रिवाज पाळायच्या तो बाहेरच्या खोलीत. आत स्वयंपाकघरात लेकीच्या हातचा दोसा त्या उभ्याउभ्या खाऊन घेत आणि तोंड पुसून बाहेर येत. पाठ राखायला श्रीदेवी दारात उभी राहायची. तेव्हा दोघींना हसू यायचं. पुढं पुढं ते येईनासं झालं.

मग ती दोघं अमेरिकेला गेली, आणि प्रश्न पाण्याचा न राहता फोनचा झाला. दर रविवारी सकाळी श्रीदेवीचा फोन यायचा. "बरी आहेस? कार्तिक बरा? सेरी, बरं तर, ठेव. तुजा मीटर पडतोय," एवढं बोलून प्रतापसिंह रिसीव्हर खाली ठेवायला निघत. लेकीच्या पैशांनी बोलणंही त्यांना जड जायचं. सईबाईंनी हात लांब करून तो मध्येच पकडायचा, असा क्रमच पडून गेला होता.

तर दोन हजार चारच्या मार्चमध्ये, ऊन अजून बेताचं होतं तेव्हा, दोघं डॉलर घ्यायला माउंट रोडला गेली. परकीय चलन बदलून देणारं ते दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दुकान म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. एसी, एक काउंटर, भिंतीवर भावांचा फळा आणि खुर्च्यांवर बसलेली माणसं. प्रतापसिंहांनी पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं आणि चेकबुक ओळीनं मांडलं. काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर अर्चना असं नाव होतं. ती कीबोर्ड बडवता बडवता गप्पा मारणाऱ्यांपैकी होती.

"मुलीकडं?" तिनं तमिळमध्ये विचारलं. "मजा आहे. नातवंडं किती?"

"नाहीत," प्रतापसिंह म्हणाले. त्यांची तमिळ खणखणीत, आणि काउंटरवर सगळं खरं सांगायचं असतं ही सरकारी नोकरीतली सवय. "म्हणूनच तर डॉलर घ्यायचे. मूल होईपर्यंत आम्ही तिच्या घरचं पाणी घेत नाही. आमच्या पोटाचे पैसे आम्ही देणार."

अर्चनाची बोटं थांबली. खुर्च्यांवरच्या माणसांनी माना वर केल्या. एका गृहस्थानं तर पुढं होऊन कुंभकोणमजवळच्या एका देवळाचं नाव सांगितलं, तिथं पाळणा बांधला की हमखास गुण येतो म्हणाला. प्रतापसिंहांनी त्याचे आभार मानले. सईबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली लेक त्या काउंटरवर आणून बसवली आहे आणि येणारे-जाणारे तिला बघून हळहळताहेत, असं त्यांना वाटलं. आणि हे तर एका दिवसाचं. तिथं सहा महिने, दर एक तारखेला, हा माणूस पाकीट पुढं करणार आणि न बोलता तेच सांगणार, तुला मूल नाही. सईबाईंना नवऱ्याचा इतका राग याआधी कधी आला नव्हता.

अर्चनानं विषय बदलला. नोटा ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळतील, म्हणाली, बाकीचे ट्रॅव्हलर्स चेक घ्या. यात दोन सह्या असतात. वरची आत्ता, माझ्यासमोर. खालची तिकडं, पैसे खर्च करताना. दोन्ही सारख्या असल्या की पैसे मिळतात.

"नोटा वरखर्चाला," प्रतापसिंहांनी जाहीर केलं. "पोटाचे चेकमध्ये. माझ्या नावावर करा."

त्यासाठी त्यांनी आधी अर्जावर सही केली. अर्चनानं ती पासपोर्टवरच्या सहीशेजारी धरली. दोन्ही जुळत नव्हत्या. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात कापायचा. बँकेनं एकदा चेक परत पाठवला होता, तेव्हापासून प्रत्येक चेकवर ते घरी, जीव मुठीत धरून सही करत. आजचाही चेक त्यांनी घरूनच सही करून आणला होता.

"सर, तिकडं दुसरी सही जुळली नाही तर पंचाईत होईल," ती हळू आवाजात म्हणाली. "चेक अम्मांच्या नावावर घेऊ या का?"

प्रतापसिंहांनी हात खिशात घातला. "घ्या. सही तिची, पैसे माझेच."

"नाही सर. यात सही ज्याची, पैसे त्याचे. तुम्हालासुद्धा मिळणार नाहीत."

अर्चना नियम सांगत होती, दुसरं काही नाही. पण सईबाईंनी पदर सावरला आणि खुर्ची पुढं ओढली. त्यांची सही तमिळमध्ये होती, शाळेत गिरवलेली, गोल गोल अक्षरांची, पासपोर्टवरही तीच. एकेका चेकवर त्यांनी सावकाश सही केली. प्रतापसिंह मान वाकडी करून बघत होते, चुकतेय का म्हणून. चुकली नाही.

शेवटच्या चेकवर सही झाल्यावर त्यांनी विचारलं, "खालची सही मी केलीच नाही तर?"

"तर ते तसेच राहतील, अम्मा. परत आल्यावर आणून द्या, रुपये घेऊन जा."

"सेरी," सईबाई म्हणाल्या आणि चेकचं पाकीट आपल्या पर्समध्ये टाकलं.

खाली उतरल्यावर प्रतापसिंहांना कॉफीची तलफ आली. शेजारच्या हॉटेलात दोघं बसली. डबरा-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेला पेला, आला. त्यांनी उंचावरून धार धरून कॉफी गार केली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. काम फत्ते झाल्याचं समाधान चेहऱ्यावर दिसत होतं.

"ऐका ओ," सईबाई म्हणाल्या. "दुसरी सही मी करत नाही."

"काय?"

"पोटासाठी नाही. मी सिक पडले, औषध लागलं, तर करीन. जेवणाचे पैसे म्हणून तिच्या हाती एक चेक द्यायची नाही."

प्रतापसिंहांना आधी हे कळलंच नाही. मग ते तापले. "रिवाज मी केला का? माझ्या अप्पांनी आक्काच्या घरचं पाणी घेतलं नाही, आज्यांनी घेतलं नाही. लेकीवर भार नको, म्हणून आहे तो. तिजं भलंच ना त्यात?"

"आक्काला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पोर झालं. अप्पांस एक वर्ष कळ काढावी लागली. अकरा वर्षांचा हिशेब तुमच्या रिवाजात कोठं आहे?"

प्रतापसिंहांनी टंबलर खाली ठेवला.

"अशोकनगरला तुम्ही कूजा घेऊन यायचात," सईबाई म्हणाल्या. "तरी ती दर वेळी तुमच्यासाठी टंबलर मांडायची. स्टीलचा, तुमचं नाव घालून घेतलेला. तुम्ही हात लावायचा नाहीत. तुम्ही गेल्यावर बाकीच्या उष्ट्या टंबलरांसंगं ती तोही घासायची. मी एकदा म्हटलं, हा स्वच्छ आहे की गे. तर म्हणाली, असू दे अम्मा, अप्पा पिऊन गेले असं वाटतं."

वेटर बिल ठेवून गेला. प्रतापसिंहांनी उरलेली कॉफी तशीच ठेवली. ज्या हॉटेलवाल्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं, त्याच्याकडं ते गेली कित्येक वर्षं येत होते. बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून बसले ते थेट घराजवळ, आंबत्तूरपर्यंत. सईबाईंनी बोलायला लावलं नाही. एवढं सगळं बोलल्यावर त्यांनाच आतून थकल्यासारखं झालं होतं, आणि थोडी भीतीही वाटत होती. हा माणूस हट्टाला पेटला तर तिकिटं रद्द करायलाही कमी करणार नाही.

तिकिटं रद्द झाली नाहीत. पण कूजाही ट्रंकेवर तसाच उभा होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. त्याकडं बघायचं नाही असं सईबाईंनी ठरवलं होतं आणि येता-जाता त्याच्याकडंच बघत होत्या.

रविवारी सकाळी फोन वाजला. प्रतापसिंहांनीच उचलला. बरी आहेस, कार्तिक बरा, झालं. सईबाईंनी सवयीनं हात लांब केला. रिसीव्हर खाली आला नाही.

"श्रीदेवी," ते म्हणाले. "तिकडं कापी कसली मिळते? मज सकाळी दोन टंबलर लागतात. पहिला पाच वाजता. तू उठशील का?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला की काय, असं सईबाईंना वाटलं. पण प्रतापसिंह रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभे होते. पलीकडं कुणी बोलत नव्हतं आणि लेकीचा मीटर पडत होता. तो त्यांनी पडू दिला.