आप्पासाहेबांचा परळ

मी एक जुना परळ आहे, मित्रांनो. मातीचा, उथळ, दीड वीत रुंद. तिसगावच्या कुंभाराने मला घडवले ते रांजणावरचे झाकण म्हणून. पण भाजताना एका अंगाला आच जास्त लागली, कड जरा वाकली आणि बाजारात मला कोणी हात लावीना. शेवटी शलमोन मास्तरांनी उचलले. ते गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत. भेकाला बसायला पाहिजे, असे त्यांनी सांगितले तेव्हा कुंभार पोट धरून हसला. मला मात्र हसू आले नाही. रांजणावर मिरवायचे सोडून भेकाखाली जायचे, याचा मला भारी राग आला होता.

भेक म्हणजे बेडकाचाच जाडजूड, खरबरीत अंगाचा भाऊबंद. हा शाळेच्या मोरीत सापडला होता. मास्तरांनी मोडक्या कपाटाच्या काचा जोडून त्याच्यासाठी पेटी केली, तळाशी चाळलेली माती पसरली आणि मधोमध मला ठेवले. तो माझ्यात येऊन गळा फुगवून असा बसे, जणू गावची पंचायत आता त्याच्यापुढेच भरणार आहे. शाळेत झाडलोट करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या चांगुणाबाईंनी ते ध्यान पाहिले आणि त्याचे नाव आप्पासाहेब ठेवून टाकले.

माझा राग फार दिवस टिकला नाही. भेक तोंडाने पाणी पीतच नाही, हे मला तेव्हा कळले. तो पाण्यात बसतो आणि पोटाच्या कातडीने पाणी ओढून घेतो. पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जाते. म्हणजे मी त्याचा पेला होतो आणि अंथरूणही. एवढा विश्वास रांजणाने माझ्यावर कधी टाकला असता का?

मास्तरांची शिस्त कडक. रोज सकाळी मला नुसत्या काथ्याने घासायचे. राख नाही, साबण तर नाहीच. पेटीवर अर्ध्या भागात ओले गोणपाट टाकायचे. काचेवर आतून धुके धरले की गोणपाट बाजूला, काच कोरडी ठणठणीत पडली की पुन्हा शिंपण. मीही साध्या, बिनझिलईच्या मातीचा, सारखा पाझरत असे आणि पेटीतला ओलावा धरून ठेवी. खोटे कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता.

मग बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला. संक्रांतीला शाळेच्या विहिरीने तळ दाखवला आणि गावात टँकर येऊ लागला. पाठोपाठ हगवणीची साथ आली. आरोग्य खात्याचा माणूस टँकरच्या पाण्यात पांढरी पावडर टाकू लागला. पाण्याला नाकात झोंबणारा वास येई. शिळे, उघडे पाणी पिऊ नका, हेच औषधाचे पाणी प्या, असे तो घरोघर बजावून गेला. चांगुणाबाईंची नात मनकर्णा त्या साथीत अगदी हातची जाता जाता वाचली. तेव्हापासून त्या वासावर बाईंची देवाइतकी श्रद्धा बसली.

मास्तरांनी शिस्तीत एक कलम वाढवले. आप्पासाहेबांचे पाणी दोन दिवस उघड्या घमेल्यात उन्हात ठेवायचे आणि मगच माझ्यात ओतायचे. माणसांना पाणी नाही आणि भेकाला घमेले भरून, अशी कुजबुज गावात झाली, तेव्हा मास्तर आपल्या आंघोळीच्या वाट्याचे पाणी देऊ लागले. पण दोन दिवस का ठेवायचे, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

मे महिन्यात मास्तरांना आठ दिवसांच्या शिबिरासाठी नगरला जावे लागले. जाताना त्यांनी चांगुणाबाईंना सगळे दोनदा सांगितले. बाईंनी मान डोलावली आणि दोन दिवस अगदी तसेच केले. तिसऱ्या दिवशी वावटळ आली आणि घमेल्यावर धुळीची साय धरली. त्या पाण्याकडे पाहून बाईंचे मन धजेना. आजारपण नेमके अशाच पाण्याने येते, हे त्यांच्या मनावर ठसलेले. त्यांनी घमेले लिंबाच्या बुंध्याला ओतले आणि स्वतःच्या वाट्याच्या घागरीतले ताजे पाणी माझ्यात घातले. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून शाळेच्या रांजणासाठी दिलेल्या पुडीतली चिमूटभर पावडरही बोटाने कालवली.

"बसा आप्पासाहेब," त्या मायेने म्हणाल्या. "माझ्या मनीला बरं केलं ह्यानं. तुमाला बी काय हुनार न्हाई."

ते पाणी माझ्या अंगात मुरले आणि मला जळजळले. मी तर भाजलेली माती. त्याची तर ओली कातडी.

आप्पासाहेब माझ्यात टेकले आणि लगेच धडपडत बाहेर पडले. पेटीच्या कोरड्या कोपऱ्यात जाऊन काचेला नाक लावून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचे पोट लालबुंद झाले होते आणि अंगावर चिकट थर आला होता. उन्हाने सुकले असतील, असे बाईंना वाटले. त्यांनी गोणपाटही त्याच पाण्यात भिजवले. पुडीतली चिमूट रोज पडू लागली. भेक कोपऱ्यात गेला की बाई त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलत आणि पुन्हा माझ्यात ठेवत. दिवसातून चार-पाच वेळा. आजारी लेकराला समजवावे तशा समजावत. प्रत्येक वेळी तो निसटायची धडपड करी, आणि प्रत्येक वेळी ती धडपड थोडी कमी होई. मला ओरडावेसे वाटत होते. मला फुटून जावेसे वाटत होते.

मास्तर परतले ते दुपारी, थेट शाळेत. पेटीवरचे गोणपाट काढताच त्यांना पावडरचा वास आला. त्यांनी भेकाला उचलले तेव्हा त्याचे मागचे पाय लोंबत होते. त्यांनी विचारले तसे बाईंनी सगळे सांगितले. शाबासकी मिळेल अशाच आवाजात. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, ती पावडर माणसाच्या पोटाला चालते. ह्याच्या कातडीला जाळते. दोन दिवस उन्हात ठेवलं की तिचा जोर उडून जातो, म्हणून ठेवायचं होतं."

चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मंग हे मला आदी का न्हाई सांगितलं, गुरुजी?"

मास्तर खाली बघून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला सांगून काय कळणार. चूक माझी आहे."

बाई तिथे थांबल्या नाहीत. कोसभरावर नदीच्या वाळूत खणलेला एक झिरा होता. त्यात वाटी वाटीने पाणी साचे आणि त्यात पावडर नसे. भर उन्हात त्या तिथे गेल्या, वाटीने घागर भरली आणि दिवस मावळता मावळता परत आल्या. तोवर आप्पासाहेब गेले होते.

मित्रांनो, ते दिवस असे होते की मेलेल्या माणसालाही तांब्याभर पाण्यात आंघोळ घालत. चांगुणाबाईंनी मला सात वेळा धुतले, माझ्यात ते पाणी भरले आणि भेकाच्या अंगावरचा चिकट थर बोटांनी हळूहळू सोडवला. मास्तर शेजारी उभे होते, पण त्यांनी बाईंना अडवले नाही. मग बाईंनी घागरीतल्या उरलेल्या पाण्यात पुडीतली चिमूट टाकली आणि घागर मनकर्णासाठी घरी नेली.

त्यानंतर मला कोणी वापरले नाही. आज मी शाळेच्या अडगळीत पालथा पडून आहे, माझी कड फुटली आहे. त्याचे मला दुःख नाही. एकच मागणे आहे. मुका जीव कोणाच्या स्वाधीन कराल, तर काय करायचे ते सांगताना का करायचे तेही सांगा. समोरच्याला कळणार नाही, असे मनाशी ठरवून टाकू नका. आणि तो जीव पाण्यातून पुन्हा पुन्हा पळत असेल, तर त्याला परत ठेवण्याआधी तो का पळतो याचा शोध घ्या. मला सगळे कळत होते, मित्रांनो, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.