आधी आकडा सांगा

बादल आता दुकानात गेला की काही मागण्याआधी पस्तीस-चाळीस सेकंद दुकानदाराची विचारपूस करतो. आई कशी आहे, पोरं कितवीत, झोप लागली का. पुसदच्या किराणा दुकानात त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, घड्याळात पाहिलं होतं. कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर म्हणून टांझानियाला जाण्याआधी तो 'साखर दोन किलो' म्हणून मोकळा व्हायचा.

"साखर आणाले गेलता का सोयरीक जमवाले?" तांड्यावर परतल्यावर रुपीबाईंनी लेकाला चिडवलं.

"तिकडे असंच असते, याडी. घरचं विचारल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही."

रुपीबाई हसल्या. तो हसला नाही.

उज्ज्वला शाळेत विज्ञान शिकवायची. अर्धवट उत्तर तिला लगेच कळायचं. महिनाभर तो एवढंच सांगत होता, की जिनिंगला आग लागली आणि चौकशी संपेपर्यंत सुटी दिली. आज चार वाजता मुख्य कार्यालयाचा फोन येणार होता.

"हे विचारपुशीचं तुम्ही कधी शिकलात?" तिनं विचारलं.

"आगीनंतर."

मग तो बोलला. सकाळच्या विचारपुशीत वेळ जातो म्हणून त्यानं पहिल्याच आठवड्यात नियम केला होता : आधी आकडा सांगा, किती गाठी झाल्या. आगीच्या दिवशी रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणारी नीमा ऑफिसात आली. 'साहेब, घरी सगळे बरे?' एवढंच म्हणाली. त्यानं मान वर न करता विचारलं, 'आकडा?' तिनं आकडा सांगितला आणि गेली. रेच्याचं बेअरिंग तापलंय, हे तिला सांगायचं होतं. ते त्याला त्याच संध्याकाळी दवाखान्यात तिच्याकडून कळलं. वीस मिनिटांत कापूस पेटला होता. विझवताना तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

"अहवालात काय आहे?"

"तिनं कळवलं नाही, असं."

"कोणी लिहिलं?"

"मी."

उज्ज्वलानं घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं होती.

"आज तिला काढतील," तो म्हणाला. "खरं सांगितलं तर मला."

"कोणाले काढून राह्यले रे?" रुपीबाईंनी अंगणातून विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. बादलनं तो तीनदा वाजू दिला, मग उचलला. अहवाल आहे तसाच मंजूर करायचा ना, असं पलीकडून विचारलं गेलं. त्यानं उज्ज्वलाकडे पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "नीमा सांगायला आली होती. मीच तिला बोलू दिलं नाही. अहवाल मी खोटा लिहिला."