तपासणीच्या दिवशीची धुलाई

आजीने चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती. रक्त, औषधं, उलट्या, तिच्या हातांखालून काय काय गेलं ते न सांगितलेलंच बरं. पण तिने धुतलेली चादर अंगाखाली आली की नव्या रोग्याला आधीच्या माणसाचा मागमूस लागत नसे. तिथे तिला सगळे पुसाबाई म्हणायचे. नाव चेष्टेत पडलं होतं, तिने ते बिरुदासारखं मिरवलं. डाग राहिला तर लाज धुणाऱ्याची जाते, असं तिचं ठाम मत होतं आणि त्यावरून ती कुणाशीही भांडायला तयार असे.

आणि आता तिच्याच घरच्या कपाटात बुरशी! वसाहतीतल्या या तळमजल्यावरच्या खोलीची मागची भिंत पाण्याच्या टाकीला लागून होती. बारा महिने ओल. भिंतीवर काळे पट्टे, कपड्यांवर काळे-हिरवे ठिपके, आणि सहा वर्षांची नात, जिला सगळे मुंगी म्हणत, ती सारखी खोकत असायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, येती थंडी पोरीने याच खोलीत काढली तर तिच्या छातीचं काही खरं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक भरपूर उन्हाची खोली रिकामी होती. सुनेने वसाहतीच्या ऑफिसात चपला झिजवल्या, तेव्हा कुठे तपासनीस यायला तयार झाला. त्याने ‘ओल आहे’ एवढं लिहिलं की ती खोली यांना मिळणार होती.

त्या सकाळी सून मुंगीला घेऊन डॉक्टरांचं पत्र आणायला निघाली. दारातून ती मागे वळली.

“आई, आज कशालाही हात लावू नका हं. सगळं आहे तसंच राहू दे.”

“बरं बाई.”

“तो तीनला येईल. त्याच्या आत मी येतेच.”

आता आणखी एक वाक्य बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण बस चुकत होती, आणि या दोघींत जास्तीचं बोलणं एरवीही फारसं नसे. आजीला ऐकू आलं ते असं: तुमचे गुडघे दुखतात, उगाच दमू नका. पोरगी गुणाची आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिला भरून आलं. मग तिची नजर कपाटाकडे गेली. तपासनीस येणार, कपाट उघडणार, असले कपडे बघणार. म्हणणार, ही घाणेरडी माणसं, यांना चांगली खोली देऊन काय फायदा, तीही नासवतील. आजीने बाह्या वर सारल्या.

आधी सगळे कपडे बाहेर अंगणात नेले. बुरशी घरात झटकली की ती उडून दुसऱ्या कपड्यांवर बसते. कोरड्या ब्रशने एकेक कपडा झाडला. पांढरे कपडे ब्लीचच्या पाण्यात, रंगीत व्हिनेगरच्या पाण्यात. लोकरीचा स्वेटर तिने नुसत्या ओल्या फडक्याने टिपून काढला, कारण ब्लीच लोकर खातं. मुंगीचा पिवळा फ्रॉक सगळ्यांत हट्टी निघाला. त्याला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकला, वाळल्यावर पुन्हा चोळला, पुन्हा टाकला. तिसऱ्या खेपेला ठिपके हरले. सगळं वाळवून, इस्त्री करून कपाटात लावलं, आणि शेवटी बादली घेऊन ती भिंतीला भिडली. गुडघे बोंबलत होते. आजी मात्र गुणगुणत होती.

तपासनीस तीनच्या ठोक्याला आला. डॉक्टरांकडच्या रांगेमुळे सून अजून परतली नव्हती.

“भिंत काळी पडलीय असं अर्जात आहे,” तो कागद बघत म्हणाला.

“होती जराशी,” आजी ओशाळली. “आता बघा.”

त्याने भिंतीवर तळवा टेकवला. “ओली लागतेय की.”

“अहो, ती मी आत्ताच धुतली ना साहेब! वाळेल तासाभरात.”

तो हसला. कपाटातून फ्रॉक काढून त्याने उलटसुलट पाहिला. “नवा दिसतोय.”

“दोन वर्षांचा आहे!” आजीची छाती फुगली.

“घर फार छान ठेवलंय आजी तुम्ही. आम्हाला काय काय बघावं लागतं, तुम्हाला काय सांगू.”

चाळीस वर्षांत कुठल्या साहेबाने तिला असं म्हटलं नव्हतं. त्याने दाखवलं तिथे तिने सही केली.

सून साडेतीनला आली आणि ब्लीचच्या वासाने उंबऱ्यातच थबकली. तिने भिंत पाहिली, कपाट पाहिलं.

“आला होता?”

“येऊन गेला. इतका खूश झाला म्हणून सांगू! खोली मिळालीच समज.” आजीने तिच्या हातात कागदाची प्रत दिली.

सुनेने उभ्याउभ्याच वाचलं. भिंत धुतल्यामुळे तात्पुरती ओलसर. बुरशी आढळली नाही. पुढील तपासणी एक वर्षाने. ती चपला न काढताच खाटेवर बसली.

“आई, ते सगळं त्याला दाखवायचं होतं.”

ती ओरडली असती तर आजीला सोपं गेलं असतं.

“मग मला सांगायचंस ना गं...”

“सांगितलं होतं.”

आजीला एकेक करून सगळं उमगत गेलं. “मी जाते ऑफिसात. सांगते, मीच धुतलं म्हणून. माझी चूक, पोरीला कशाला शिक्षा?”

“ते म्हणतील, डाग दाखवा. काय दाखवाल?”

तेवढ्यात मुंगीला उबळ आली. ब्लीचच्या वासाने ती खोकून खोकून दुमडली. सून तिला उचलून अंगणात घेऊन गेली.

आजीने चष्मा लावला आणि फ्रॉक खिडकीशी नेला. कॉलर उलटली, शिवणी ताणून बघितल्या, गुंड्यांच्या मागे, खिशाच्या कोपऱ्यात, खालच्या दुमडीत नखाने उचकून बघितलं. तिला एकच ठिपका हवा होता. एक पुरला असता. पण पुसाबाईचं काम चोख होतं. बाहेर पोर खोकतच होती. आजीने फ्रॉक बाजूला ठेवला आणि कपाटातून दुसरा कपडा काढला.