आउट काढणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. भाकरी उलटायचा नव्हे, सायकलचा. पुढचं चाक ज्या दोन पायांत फिरतं, तो. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला किळस आली तर येऊ द्या. मला अजून येते.

बहात्तरचा दुष्काळ होता. तेरजवळच्या आमच्या गावाबाहेर बौद्धांची सहा घरं होती. गावची विहीर आटली, असं त्यांना सांगितलेलं. विहिरीच्या काठावर जाऊन वाकून बघायची त्यांना सोय नव्हती, म्हणून खरं मानायचं. त्यांतलाच माझा मालक उत्तरेश्वर सायकलला घागरी बांधून तेरणेच्या कोरड्या पात्रातल्या झऱ्यावरून पाणी आणायचा. सहा घरांचं पिणं तेवढंच. खडीच्या रस्त्यानं मी वाकलो, माझ्या जागी दुसरा चिमटा आला आणि मी भंगारात पडलो. नंतर मागचं चाक आउट झालं. म्हणजे फिरताना डावी-उजवीकडं झुलायला लागलं. घागरी आदळायच्या. निम्मं पाणी रस्ताच प्यायचा.

चाकाच्या तारा पिळून आउट काढायचा तर चाक अडकवायला स्टँड लागतं. गावच्या सोसायटीनं सभासदांसाठी तसं नवंकोरं आणलं होतं. उत्तरेश्वर सभासद होता. चाक खांद्यावर टाकून तो गेला. सेक्रेटरी आबाराव दारातच आडवा आला.

"चाक आत आणायचं न्हाय."

"मग स्टँड बाहेर द्या, साहेब."

"स्टँड बाहेर न्यायचं न्हाय."

"मग आउट काढू कसा?"

आबारावानं मोठेपणा केला. "बरं, मागच्या दारानं ने. पन धुऊन परत आण."

घरी कडूबाईनं, त्याच्या बायकोनं, हे ऐकलं आणि पदर खोचला. "धुऊन? अवो, पानी आपुन प्यायचं का त्यांचं लोखंड न्हाऊ घालायचं?"

"लई चांगलं स्टँड हाय गं. तांब्याभर तर लागंल."

"तांब्याचं न्हाय म्हनत मी. तुमच्या हाताला काय घान लागलीय, तेवढी दावा."

उत्तरेश्वर उठला. त्यानं मला भंगारातून ओढलं, ठोकून सरळ केलं, मागचं चाक मावावं म्हणून माझे पाय फाकवले आणि लिंबाच्या फळीवर मला उलटं ठोकलं. एका पायाला खडू बांधला. चाक फिरवलं की जिथं झुकायचं तिथं पांढरा डाग पडायचा.

पण मालकाला हे काम नवं. डाग पडेल तिकडचीच तार तो पिळत गेला आणि चाकाचा पापड झाला.

"डाग पडतो तिकडचीच तार काय पिळताय? ती ढिली करा, पलीकडच्या बाजूची आवळा," कडूबाई म्हणाली. "बाजंची दोरी वढताना कळतंय, हितं कळंना व्हय?"

आउट निघाला. पाणी पुन्हा भरल्या घागरीनं येऊ लागलं. मला फार कौतुक वाटलं माझं, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरानं आबाराव स्वतःचं चाक घेऊन वस्तीवर आला. नव्या स्टँडवर सगळ्या तारा पिळून त्यानंही पापडच केला होता. दूर उभा राहून म्हणाला, "आउट काढून दे." उत्तरेश्वरानं काढून दिला. आबारावानं चाकाला हात लावला नाही. घागर घेऊन मागं उभ्या असलेल्या हरिबाला, त्याच्या गड्याला, खूण केली. हरिबानं भरली घागर चाकावर ओतली. सहा घरांच्या डोळ्यांदेखत. ते पाणी माझ्याही पायावर उडालं. त्या धुण्याचीच किळस मला अजून येते.

कडूबाईनं शांतपणे विचारलं, "हरिबादादा, हे पानी कुठलं वो?"

हरिबा बिचारा सरळ माणूस. "गावच्या हिरीचं. कमरंइतकं हाय की अजून!"

आबारावानं हरिबाकडं डोळे वटारले. कडूबाईनं आपली घागर उचलली, कमरेला लावली आणि गावाच्या रस्त्याला लागली. मागं पाच घरच्या पाच बाया. आबाराव ओरडला, "कुठं निघाल्या?"

"चाक धुऊन उरलेलं न्यायला."

विहिरीवर शिव्या झाल्या, धोंडे उचलले गेले, पण घागरी भरूनच आल्या. त्या दिवसापासून उत्तरेश्वराची सायकल झऱ्यावर गेली नाही.

मित्रांनो, मी अजून फळीवर उलटा आहे. वर्षातून दोन थेंब तेल घाला, ओलीत ठेवू नका, एवढं माझं पुरे. पण कुणी सांगितलं पाणी नाही, तर स्वतः जाऊन वाकून बघा.