विभावरी मानसरोवराला गेली तेव्हा

दहा किलो बासमतीची पिशवी पाठीला बांधून विभावरी आमच्या व्हिलाचा जिना चढत होती. तिच्या मागून प्रकाशभावजी नुसते स्वतःला घेऊन चढत होते, तरी त्यांची दमछाक झाली होती.

"अहो, कठडा सोडा! तिथं डोंगरावर कठडा नाहीये," ती वरून ओरडली.

"तिथं तू तांदूळ घेऊन चढणार आहेस का?" ते मधल्या पायरीवर बसून म्हणाले.

मी माझ्या दारात कोथिंबीर निवडत होते. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या या व्हिलाचे मालकानं तुकडे पाडलेत आणि एकेका तुकड्यात एकेक कुटुंब घातलंय. वर ही दोघं. खाली मी, माझी लेक नबिला, आणि सुटीला खोर फक्कानहून येणारे माझे मिस्टर खैरुद्दीन. ते तिकडे बंदरावर पंप दुरुस्त करतात. बाहेर जूनची दुपार भाजत होती. अबूधाबीत राहून हिमालयाची तयारी करायची म्हणजे एसी जिना आणि तांदळाची पिशवी, दुसरं काय मिळणार!

"विभा, भावजींना इथंच ठेव हो," मी म्हटलं. "शुगर त्यांना, धाप त्यांना. वर जाऊन काही झालं म्हणजे?"

"यांना काही होत नाही. यांची नुसती नाटकं असतात."

आम्ही सगळ्यांनी काळजी केली ती भावजींची. हिची कुणी केली नाही, मीही नाही. ही बाई गेली कित्येक वर्षं एका शाळेच्या रिसेप्शनवर बसते आणि तिनं आजारपणाची रजा कधी घेतलेली नाही. ॲडमिशनच्या दिवशी अंगात सणसणून ताप असताना ती लोकांना टोकन वाटत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचं एक ठरलेलं होतं. या देशात आजारी पडायचं नाही. आजारी माणसाचं काँट्रॅक्ट पुढं जात नाही, काँट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही. खरंखोटं देव जाणे, पण आम्ही सगळेच इथं असं मानतो. म्हणून तिच्या ड्रॉवरमध्ये कायम पॅनाडोलच्या पट्ट्या. टीचर येवो, बस ड्रायव्हर येवो, कुणाचा बाप येवो, डोकं धरलं की हिचं सुरू, "दोन घ्या, वर गरम चहा प्या, आणि यल्ला, कामाला लागा." मला तिनं किती वेळा असं कामाला लावलंय!

मानसरोवराचं वेड तिच्या बाबांचं. चिपळूणच्या एसटी डेपोत ते क्लार्क होते. तिबेटात कैलासाशेजारी पंधरा हजार फुटांवर ते तळं आहे, एकदा तरी जायचंच, असं दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी घरात काहीतरी निघायचं. राहूनच गेलं. त्यांचं राहिलेलं आपण करायचं, असं तिनं ते गेले त्याच दिवशी ठरवलं होतं. मग मुलगा अथर्व कॅनडात मार्गी लागला, इथल्या ओळखीच्या लोकांचा एक ग्रुप नेपाळमार्गे निघाला, आणि हिनं नाव घातलं.

त्या दुपारी नबिला कॉलेजातून आली. शारजात मेडिकलला आहे ती. पिशवी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आंटी, फिटनेसचा तिथं काही संबंध नाही. फिट लोक जास्त भरभर जातात आणि अडकतात."

"अगं बाई! म्हणजे मी लोळत पडू?"

"लिसन ना. वर गेल्यावर डोकं दुखलं तर ते लपवायचं नाही. दॅट इज द वॉर्निंग. पॅनाडोलनं दुखणं जाईल, आजार नाही जाणार. यू टेल समवन, अँड यू गो डाऊन. प्रॉमिस?"

"प्रॉमिस, डॉक्टरीणबाई," विभावरी म्हणाली आणि तिनं तिचा गालगुच्चा घेतला. नबिला हसली नाही. मला तेव्हा ते उगाच खटकलं.

आपल्याकडे कुणी कुठं निघालं की बाकीच्यांचं सामान त्याच्या बॅगेत जातंच. मुंबईला निघालेल्याबरोबर आईची औषधं, परत येताना मसाले. मानसरोवराला निघालेलीलाही सोडलं नाही कुणी. एकीनं नारळ दिला, एकीनं नवसाची चांदीची बेलपानं. मीही दिलं. मक्केहून, उमऱ्याच्या यात्रेतून आम्ही आणलेल्या झमझमच्या पवित्र पाण्याचा रिकामा कॅन. आम्ही आणलेलं झमझम ती दर वेळी वाटीभर मागून घ्यायची आणि देवघरात ठेवायची, तेव्हा आता तिनं तिकडचं पाणी मला आणायचं, असा आमचा हिशेब ठरला होता.

"धुऊन घेतलास ना?" मी विचारलं.

"झमझमचा कॅन धुवायचा कशाला?" असं म्हणून तिनं त्याच्यावर टेप चिकटवली आणि रिसेप्शनच्या गोल अक्षरात लिहिलं, 'जहांआरा, तळमजला'.

जाताना तिनं मला घराची किल्ली दिली आणि बाल्कनीतला कढीपत्ता दाखवला. "सकाळीच पाणी घाल. उन्हात घातलंस तर मुळं शिजतील." टॅक्सी सुटल्यावर तिनं काच खाली करून पुन्हा तेच सांगितलं. मी हात हलवला. मी आपली आत येऊन भांडी घासायला घेतली.

इथं व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, त्यामुळं तिच्या व्हॉइस नोट यायच्या. काठमांडूहून आली ती हसरी होती. पुढं तिबेटच्या हद्दीतून आली तेव्हा ती भावजींवर वैतागली होती. "यांना रात्रभर ओकाऱ्या. गाइड म्हणतो एक दिवस थांबू. सगळी बस यांच्यासाठी खोळंबली गं, मला तर कुणाला तोंड दाखवायची लाज वाटतेय."

मी उलटा निरोप टाकला, "खोळंबू दे की! बस काय शाळेची आहे, बेल व्हायला?"

आणखी वर गेल्यावरची नोट छोटी होती. "भावजी तुझे ठणठणीत झाले, वाटीभर भात खाल्ला. माझं डोकं जरा जड आहे. घेतल्या दोन. गाइड रोज विचारतो, सब ठीक? मी सगळ्यांच्या आधी हात वर करते. जेवण नको वाटतं, बाकी मजेत. कढीपत्ता?"

ही मी नबिलाला ऐकवली. तिनं लगेच आंटीला मेसेज केला, भावजींना केला. दोघांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. आंटीनं अंगठा पाठवला. नबिला त्या अंगठ्याकडे बघत राहिली. "मम्मा, थम्स अप इज नॉट ॲन आन्सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नोट आली ती तळ्यावरून. खैरुद्दीन सुटीला आले होते, आम्ही नाश्त्याला बसलो होतो. मी फोनचा आवाज मोठा केला.

आधी नुसता वारा. मग विभावरी, पण हळू, एकेक शब्द तोंडात घोळवत. "जहांआरा... आलो आम्ही. आत उतरू देत नाहीत. बादलीनं पाणी घेऊन काठावर अंघोळ केली. निळं आहे गं. आपल्या स्कूल बॅगा असतात ना, तसलं. बाबा... बाबांना मी सांगितलं." मग बराच वेळ काही नाही. कुणीतरी लांब मंत्र म्हणत होतं. मी म्हटलं संपली, फोन उचलायला हात पुढं केला, तेवढ्यात ती पुन्हा बोलायला लागली. अगदी स्वच्छ आवाजात, तिच्या शाळेतल्या आवाजात. "गुड मॉर्निंग मॅडम. टोकन घेतलंत का? बसा ना. नंबर येईल तुमचा. बसा."

खैरुद्दीन हसले. त्यांना वाटलं, मस्करी करतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

नबिला खोलीतून पळत आली. "मम्मा, परत लाव." तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. "शी इज नॉट जोकिंग. तिच्या ब्रेनला सूज आलीये. शी हॅज टु गो डाऊन. नाऊ, मम्मा!"

मी रोमिंगवर भावजींना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मिनिटाला किती दिरहम, ते जाऊ दे खड्ड्यात. शेवटी लागला.

"भावजी, विभा कुठाय?"

"झोपलीये भाभी. दमलीये. अंघोळ केली ना थंड पाण्यानं."

"उठवा तिला. चालायला लावा."

"अहो, चालताना तोल जातोय तिचा, म्हणून तर झोपवली. डोकं दुखत होतं, गोळी घेतलीये. उद्याला बरं वाटेल, इन्शाल्ला."

हा माणूस मला इन्शाल्ला म्हणतोय! मला भयंकर संताप आला. "भावजी, गाइडला सांगितलंत का?"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "तिनंच शपथ घातली. म्हणाली, आधी तुमच्यापायी दिवस गेला. आता माझ्यासाठी गाडी फिरवायला लावू नका, लोक काय म्हणतील. सगळ्यांची परिक्रमा राहील."

"राहू दे! परिक्रमा राहू दे, लोक राहू दे, सगळं राहू दे! बोंब मारा तुम्ही तिथं! त्या गाइडची गचांडी धरा! ती मरेल, कळतंय का?"

माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि खैरुद्दीननी माझा दंड धरला. फोन नबिलानं घेतला. ऑक्सिजन, खाली, ताबडतोब, असं ती बोलत होती, आणि पलीकडून भावजी लहान मुलासारखे नुसतं "हो, हो" करत होते.

गाइडनं एका मिनिटात जीप काढली म्हणे. तळ्यापासून तकलाकोट खाली आहे, तिथं दवाखाना आहे. निघाल्याचा मेसेज आला आणि मग काही येईना. खैरुद्दीन नमाजाचा मुसल्ला अंथरून बसले. नबिला पुस्तक उघडून एकाच पानावर बसून राहिली. मी वर गेले, भर उन्हात कढीपत्त्याला पाणी घातलं, मग आठवलं की उन्हात घालायचं नव्हतं. घालायचं नाही म्हणाली होती ती, दोनदा म्हणाली होती. मी कुंडी ओढून सावलीत आणली आणि ओली माती उकरून बाहेर टाकत सुटले.

फोन आला तेव्हा माझे हात चिखलाचे होते. "भाभी," एवढंच म्हणाले भावजी. मग रडले. तकलाकोट दिसायला लागलं होतं, म्हणाले.

अथर्व काठमांडूला आला, तिथंच विभाला अग्नी दिला. भावजी परत आले ते एकटे, दोन बॅगा घेऊन. पहिल्याच दिवशी खाली येऊन त्यांनी कॅन माझ्यापुढं ठेवला. तळ्यावर पोहोचल्या पोहोचल्या चहाही न घेता तिनं तो भरला होता. आधी लोकांचं, मग आपलं. त्याच्यावरची गोल अक्षरं जराही पुसली नव्हती. मी तो झमझमशेजारी कपाटात ठेवलाय. उघडलेला नाही.

सुट्या संपल्यावर शाळेनं बोलावलं. तिचं सामान न्यायचं होतं, काही सह्या होत्या. भावजींबरोबर मी गेले. रिसेप्शनवर नवी मुलगी बसली होती, सुजाता, नाशिकची. नवीनच होती, हे कोण ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं भावजींना टोकन दिलं आणि हसून बसायला सांगितलं. समोर ही गर्दी, पोरांची रडारड.

"भावजी, द्या इकडं," मी म्हटलं. "मी सांगते तिला, कोण आहात तुम्ही. विभाच्या माणसाला टोकन कसलं?"

"नको भाभी. पोरीला घाबरवू नका. नंबर येईल."

ते भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. टोकन दोन्ही हातांत धरलं होतं. एवढ्या माणसांत ओरडायला माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मी त्यांच्याशेजारी बसले. माझं डोकं त्या दिवसापासून ठणकतं, तसंच ठणकत होतं. मी कपाळ दाबून धरलं असणार, कारण थोड्या वेळानं सुजाता उठून आली. चांगल्या घरची पोर वाटली.

"मावशी, डोकं दुखतंय का? थांबा हं." तिनं खालचा ड्रॉवर ओढला. त्यात पॅनाडोलच्या पट्ट्या तशाच होत्या, रबर लावून नीट रचलेल्या. त्यातली एक तिनं माझ्यापुढं धरली. "आधीच्या मॅडमच्या आहेत. दोन घ्या, बरं वाटेल."

भावजींनी वर पाहिलं.

"नको बाळा," मी म्हटलं. "दुखू दे."