परतीची फेरी

रविवारी सकाळी निवृत्त बसचालक दाढी करत होता, तेवढ्यात वसाहतीचे सेक्रेटरी मानपत्र घेऊन हजर झाले. संध्याकाळी आदर्श वडिलांचा सत्कार होता आणि पहिला मान त्याचा. सेक्रेटरींना कुठला धीर! उभ्याउभ्याच वाचू लागले.

“‘लेकीला असं वळण लावलं, की ती दिल्या घरी अखेरपर्यंत नांदली.’ कसं वाटतं, दादा?”

आत भांडी घासणाऱ्या बायकोचा हात थांबला. लेक जाऊन तीन वर्षं झाली होती. स्वयंपाक करताना भाजली, असं सासरचे म्हणाले आणि चार लोकांनी माना डोलावल्या.

“आमची लेकही माहेरी आलीय, आठ दिवस झाले,” सेक्रेटरी म्हणाले. “दंडावरचे वळ दाखवत बसते. म्हटलं, भांड्याला भांडं लागायचंच. उद्या सोडून येतो. तुमच्याकडे बघूनच बळ येतं बघा.”

बसचालकाने रेझर खाली ठेवलं. लेकीचं सासर त्याच्याच बसच्या मार्गावर होतं. तीनदा ती माहेरी यायला पिशवी घेऊन चढली आणि तीनदा त्याने शेवटच्या थांब्यावर तिला उतरू दिलं नाही. “बस तशीच. परतीच्या फेरीला सोडतो. लोक काय म्हणतील?” तिसऱ्यांदा, बापाची बस असून, परतीचं तिकीट तिने स्वतः काढलं. तो दुष्ट नव्हता हो, लेकीवर जीव टाकणारा होता. चार लोकांची भीती मात्र त्या मायेहून मोठी ठरली.

“खरं सांगा त्यांना,” आतून बायको म्हणाली.

“फाडा तो कागद,” तो म्हणाला. “ती नांदली नाही. मी तिला परत नेऊन सोडलं. तीनदा. चौथ्यांदा ती आलीच नाही, तिची बातमी आली.”

“अहो दादा, पण...”

“तुमची अजून घरात आहे ना? चला.”

गालावरचा साबण तसाच ठेवून तो जिना उतरला. सेक्रेटरी धापा टाकत मागे. त्यांच्या घरात मुलगी बॅग भरून बसली होती. बापाला बघताच घाईने उठली.

“आजच निघायचंय का, बाबा?”

बसचालकाने तिच्या हातातली बॅग घेतली आणि तिच्या बापाच्या हातात दिली.

“आत नेऊन ठेवा,” तो म्हणाला, आणि त्यांच्याच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडला.