निळीच्या पायाशी पडलेली करडी पट्टी

मित्रांनो, पडद्यावर जरा वाकून बघा. ती लठ्ठ निळी पट्टी दिसली ना? ती सगळ्यांना दिसते. तिच्या पायाशी एक बारीक करडी पट्टी आहे, कोणी पायपुसणं टाकून विसरावं तशी. ती मी. वयाने जुनी, रंगाने फिकी, पण शब्दाची पक्की.

बांधकाम आखायचा एक प्रोग्राम असतो. कोणतं काम कधी सुरू व्हायचं, कधी संपायचं, त्यावर किती पैसे लागायचे, हे सगळं त्यात भरलं की प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी तयार होते. आमच्याकडे लहान मुलांच्या दवाखान्याची नवी इमारत होती. सगळ्यांत वर अख्ख्या इमारतीची पट्टी, म्हणजे ही निळी. पाया खणायच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराच्या भाचीने एक बटण दाबलं आणि निळीची हुबेहूब नक्कल जपून ठेवली. ती नक्कल मी. म्हणजे आम्ही जुळ्या. तीच लांबी, तेच पैसे, तीच शेवटची तारीख. निळी म्हणते, थोरली ती. म्हणू दे. जी आपल्या शब्दावरून हलत नाही ती थोरली.

त्या दिवशी कौतुक झालं. कंत्राटदार मामा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाले, "छान आखलंस गं. कोणी नाव ठेवणार नाही." दवाखाना बांधून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली. ते कौतुक माझंच होतं, कारण निळी दुसऱ्याच दिवसापासून बदलली. खडी उशिरा आली, सरकली. गवंडी गावाला गेले, आणखी सरकली. वाळूचा भाव वाढला, हिचा आकडाही वाढला. माझ्या अंगात असलं काही नाही. मी ठरलं तिथे बसून राहिले.

पण लोकांना चंचल माणसाचंच वेड. सकाळी संगणक लागला की भाची आधी निळीकडे बघायची. मुकादम यायचा तो निळीची विचारपूस करायला. जेवढं काम उरके तेवढी काळी रेघ निळीच्या पोटातून पुढे जायची, जणू काजळच घालायचे तिला. मला कोण काजळ घालणार? माझ्याशी काम पडायचं ते फक्त शनिवारी. त्या दिवशी भाची तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडायची. ठरल्याप्रमाणे आजवर किती पैशांचं काम व्हायला हवं होतं, ते मी सांगायचे. खरोखर किती पैशांचं झालं, ते निळी सांगायची. आणि खिशातून किती गेले, ते बिलं सांगायची. तिघांचं जुळलं की भाची चहा मागवायची आणि कप निळीसमोर ठेवायची.

गिलाव्याच्या दिवसांत मुकादमाने एक युक्ती काढली. भाचीने विचारलं, "भाऊ, गिलावा कुठवर आला?"

"नव्वद टक्के, ताई."

पुढच्या शनिवारी विचारलं, तेव्हाही नव्वद. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्वदच.

"भाऊ, तुमचं हे नव्वद म्हातारं झालं की हो."

"ताई, शेवटचे दहा टक्के फार हट्टी असतात."

निळी मात्र ते नव्वद मिटक्या मारत खात होती. काजळाची रेघ टोकापर्यंत. बिलंही भरपूर आलेली, त्यामुळे पैसे गेले म्हणजे काम झालं, असा मामांचा समज. मी खाली पडून जळत होते. तारीख माझी, आकडे माझे, आणि मिरवायचं हिने.

एका शनिवारी भाची स्वतः इमारतीवर गेली. परत आली तेव्हा चपलांना सिमेंट होतं आणि तोंड उतरलेलं. "मामा, गिलावा निम्मासुद्धा नाही. सिमेंटची पोती आणि फरशा आवारात रचून ठेवल्यात. त्यांचे पैसे गेलेत, काम कुठे झालंय?"

तिने खरा आकडा भरला. निळीच्या पोटातलं काजळ सर्रकन मागे आलं. मित्रांनो, मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! आता बस म्हटलं माझ्या पंगतीला.

माझा आनंद चहा निवेपर्यंतही टिकला नाही. मामांनी चष्मा पुसला, पडद्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचं बोट माझ्यावर आलं. "हिच्यामुळे उशीर दिसतो. पुसून टाक ही करडी. आजच्या निळीचीच नक्कल काढ आणि हिच्या जागी बसव. सोमवारी डॉक्टरीणबाई येतायत. दोन्ही अगदी बरोबर जुळलेल्या दिसतील."

म्हणजे बघा. उशीर निळीने करायचा आणि घराबाहेर मला काढायचं. वर माझ्या जागी बसणार कोण, तर तिचीच नक्कल.

भाचीने बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, जुना आराखडा पुसला जाईल, चालेल का? बाण 'हो'वर जाऊन थांबला.

"मामा, करडी पुसली की उशीर दिसणार नाही. पण छतावरचं वॉटरप्रूफिंग राहिलंय, वॉर्डाचं रंगकाम राहिलंय. पैसे आहेत तेवढेच आहेत. ते मध्येच संपले तर तेव्हा काय पुसायचं?"

"तोवर काहीतरी होईल."

"काय होईल? गळक्या छताखाली मुलं झोपतील, एवढंच."

"तीस वर्षं कामं घेतोय मी. कोणासमोर मान खाली घातली नाही."

"मग घालू नका. मी सांगते त्यांना. शिव्या खायला मला घेऊन चला."

मामा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तू अगदी तुझ्या आईवर गेलीस." भाचीने बाण 'नको'वर नेऊन दाबला.

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. आल्या तशा निळीकडेच बघून म्हणाल्या, "वा, रंग छान आहे." हेही ऐकून घेतलं मी. मग त्या थोड्या वाकल्या. "आणि ही खालची कोण?"

इतक्या दिवसांत मला असं कोणी विचारलं नव्हतं.

"हा आपला पहिला बेत," भाची म्हणाली. "यानुसार आज इथवर यायला हवं होतं. पण आलोय फक्त इथवर. मधली ही जी जागा आहे, ती आमची चूक."

डॉक्टरीणबाई मामांना लागेल असं बरंच बोलल्या. मामांनी ऐकून घेतलं, मान खालीच होती. शेवटी त्या म्हणाल्या, "दर्शनी भिंतीचा दगड नको. कमानही नको. ते पैसे छताला लावा. मुलं कमानीत झोपणार नाहीत."

छत झालं. वॉर्ड झाला. इमारत दिसायला अगदीच साधी आहे, पण आत पाणी येत नाही.

माझं काय झालं म्हणता? बेत बदलला म्हणून भाचीने नव्या निळीची आणखी एक नक्कल जपून ठेवली. म्हणजे आधी एक बहीण होती, आता वर ही धाकटी करडीही आली. रंगाने माझ्याहून जरा ठसठशीत आहे. असो. पण मला पुसलं नाही.

आता भाचीला कधी नवं काम आलं की ती ही जुनी फाइल उघडते. गिलाव्याला आपण किती दिवस धरले होते आणि लागले किती, ते बघते. त्यासाठी तिला आधी माझ्याकडे बघावं लागतं, मग निळीकडे, मग परत माझ्याकडे. दोनदा माझ्याकडे. मी मोजते.

मित्रांनो, तुम्हीही काही ठरवाल. अभ्यास असेल, बाग असेल, सायकलसाठी साठवलेले पैसे असतील. काम मागे पडलं की पहिला बेत खोडून नवा लिहावासा वाटेल. लिहा नवा. पण जुना खोडू नका, खाली बारीक अक्षरात राहू द्या. निळी नसती तर मी नुसती रेघच, हे मला कळतं. मात्र हे तिच्या कानावर घालू नका. आधीच फुगलेली आहे.